गच्चीवरचे दिवे आणि मृगातला ढग

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त शनिवार, दि. २० डिसेंबर २०२५ रोजी रात्री साडेआठ वाजता बी विंगच्या गच्चीवर दिलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून, जसे बोललो तसेच शक्य तितके लिहून दिले आहे.)



आधीच सांगतो, मी शास्त्रज्ञ नाही. आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन आहे. तुर्भ्याच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं नोकरी केली आणि सुपरवायझर म्हणून रिटायर झालो. आपल्या सोसायटीत मला सगळे ओळखतात ते पंपाचा स्टार्टर दुरुस्त करणारा म्हणून. तेव्हा कृष्णविवरावर मी बोलणार म्हटल्यावर सी विंगमधल्या एका काकूंनी विचारलं, "म्हणजे मीटररूमबद्दल का?" ते चूक नाही. सुरुवात तिथूनच करतो.

ज्येष्ठ सभासदांना आठवत असेल, २००९ साली आपल्या स्टिल्टमधून लागोपाठ तीन मोटरसायकली चोरीला गेल्या. तेव्हा मी कमिटीत होतो. जनरल बॉडीत ठराव झाला आणि मी या गच्चीच्या कठड्यावर सहा मोठे फ्लडलाइट बसवले. पुढे ते काढून दीडशे वॉटचे एलईडी लावले, तेही मीच. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. चोऱ्या थांबल्या. त्या कामाचा मला अभिमान होता, अजूनही आहे. पण त्या दिव्यांनी आणखी एक गोष्ट चोरीला गेली आणि तिची तक्रार कोणी केली नाही. कारण ती गेल्याचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी नात चौथीत होती. शाळेतून प्रकल्प मिळाला होता: मृग नक्षत्राच्या चौकोनात किती तारे दिसतात ते मोजा. आम्ही इथेच आलो. चार कोपऱ्यांचे चार, मधल्या बाणाचे तीन. सात. पुन्हा मोजले, सातच. नाताळच्या सुट्टीत आम्ही माझ्या गावी गेलो. गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावपासून जवळ. रात्री जेवणं झाल्यावर ती वहीपेन घेऊन अंगणात गेली आणि थोड्या वेळाने रडवेली होऊन परत आली. म्हणाली, "आजोबा, चाळीसच्या पुढे गेले, आता चुकतंय." मग तिने विचारलं, "आपल्याकडचे बाकीचे कुठे गेले?"

मी काय सांगणार? ते मी घालवले होते.

आज सेक्रेटरीसाहेबांनी परवानगी दिली म्हणून आत्ता आपण ते सहाही दिवे बंद केले आहेत. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात. कृपा करून मोबाइल खिशात ठेवा. एकदा स्क्रीन बघितली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तोवर मी बोलतो. आज सकाळीच अमावास्या संपली, त्यामुळे चंद्र आपल्या आड येणार नाही.

पूर्वेला, डोंगराच्या बाजूला बघा. तीन तारे एका ओळीत उभे दिसताहेत, तो व्याधाने मारलेला बाण. त्याच्या चार बाजूंना चार ठळक तारे, ते हरणाचे पाय. हेच मृग नक्षत्र. आपण जूनमध्ये म्हणतो "मृग लागला", म्हणजे तेव्हा सूर्य या नक्षत्रात असतो. म्हणून तेव्हा ते दिसत नाही, आणि आता थंडीत रात्रभर दिसतं.

आता बाणाच्या उजव्या हाताला बघा. तीन बारीक तारे आहेत. मधला जरा पुसट वाटतो, कोणी बोट फिरवून पुसल्यासारखा. तो तारा नाही, तो ढग आहे. त्याला तेजोमेघ म्हणतात. आपल्यापासून साधारण साडेतेराशे प्रकाशवर्षं दूर. म्हणजे आत्ता तुमच्या डोळ्यात जो उजेड शिरतो आहे तो तिथून निघाला तेव्हा महाराष्ट्रावर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. शिवाजी महाराज जन्माला यायला अजून साडेनऊशे वर्षं अवकाश होता.

हा ढग कशाचा? मुख्यतः हायड्रोजनचा, आणि थोडीशी धूळ. असा गार ढग स्वतःच्याच वजनाने हळूहळू आत कोसळतो. सायकलच्या पंपात हवा दाबली की पंप गरम होतो, तसं इथेही होतं. दाब वाढतो, तापमान वाढतं. मधल्या गोळ्याचं तापमान कोटीभर अंशाला पोचलं की हायड्रोजनचे अणुगर्भ एकमेकांत मिसळून हेलियम होऊ लागतो, त्यातून ऊर्जा सुटते आणि तारा पेटतो. आपला सूर्य असाच सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी पेटला. मृगातल्या ढगात आजही नवे तारे पेटताहेत. त्या नव्या ताऱ्यांच्या उजेडानेच तो ढग चमकतो. ते आपल्या आकाशातलं प्रसूतिगृह आहे म्हणा ना!

जन्म आला की मरण आलंच. तारा आयुष्यभर एका रस्सीखेचीत असतो. वजन त्याला आत ओढतं आणि आतली उष्णता बाहेर ढकलते. इंधन संपलं की आतली बाजू हरते. पुढे काय होणार हे ताऱ्याच्या वजनावर ठरतं. याचा हिशोब ज्याने मांडला तो मुलगा १९३० साली आपल्या मुंबईच्या बंदरातून बोटीत बसून इंग्लंडला निघाला होता. वय एकोणीस. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. बोटीवर त्याने गणित केलं आणि निष्कर्ष काढला की विझलेल्या ताऱ्याचं वजन सूर्याच्या साधारण १.४ पटीच्या वर असेल तर तो शांतपणे थंड होत पडून राहू शकत नाही, तो आणखी आत कोसळतो. मोठमोठ्या लोकांना ते पटलं नाही. नोबेल मिळालं ते १९८३ साली, त्रेपन्न वर्षांनी.

सूर्यासारखा तारा शेवटी विझून श्वेत बटू होतो. सूर्याच्या आठपटीहून जड तारे मात्र मोठ्या स्फोटाने मरतात. मृगाच्या डाव्या कोपऱ्यात तांबूस तारा दिसतोय ना, काक्षी? तो त्याच रांगेत उभा आहे. कधी फुटेल? उद्या किंवा हजारो वर्षांनी. वरच्या बाजूला रोहिणीचा तारा असलेली वृषभ रास आहे. तिच्या एका शिंगाच्या टोकाशी १०५४ साली असाच एक तारा फुटलेला चिनी लोकांनी पाहिला आणि नोंदवून ठेवला. दिवसाही दिसत होता. आज तिथे खेकड्याच्या आकाराचा तेजोमेघ आहे, आणि त्याच्या पोटात एक मेलेला तारा सेकंदाला तीस वेळा गिरकी घेतो आहे. तेव्हा ढग दोन प्रकारचे: एक बाळंतिणीच्या खोलीतला, दुसरा चितेचा धूर. पण त्या धुरातूनच पुढचे तारे आणि ग्रह होतात. आपल्या रक्तातलं लोखंड ताऱ्यांतच तयार झालेलं आहे.

आणि फारच जड तारा असला तर मागे जे उरतं ते कृष्णविवर. त्याची ओढ इतकी की उजेडसुद्धा बाहेर पडू शकत नाही. किती दाबायला लागेल? सगळी पृथ्वी, हिमालय आणि समुद्रासकट, दाबून एका मोठ्या बोराएवढी केली तर तिचं कृष्णविवर होईल. सूर्य दाबून तीन किलोमीटर त्रिज्येचा गोळा करावा लागेल. म्हणजे आपल्या नोडमध्ये मावेल.

एक गैरसमज मात्र काढून टाका. कृष्णविवर म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर नव्हे. समजा आत्ता सूर्याच्या जागी सूर्याएवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं, तर अंधार होईल, थंडीने आपण मरू, पण पृथ्वी होती त्याच वाटेने फिरत राहील. ओढ वजनावर आणि अंतरावर असते. अगदी जवळ गेलं तरच सुटका नाही.

आता माझ्या धंद्यातला प्रश्न. जे उजेड देत नाही ते दिसतं कसं? भिंतीच्या आत वायर असते, ती दिसत नाही. पण टेस्टर लावला की आत करंट आहे हे कळतं. तसंच. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी, धनु राशीच्या दिशेला, साधारण २७ हजार प्रकाशवर्षांवर, काही तारे रिकाम्या दिसणाऱ्या जागेभोवती प्रचंड वेगाने फिरतात. त्यांतल्या एकाला फेरीला फक्त सोळा वर्षं लागतात. मधे काही तरी सूर्याच्या चाळीस लाख पट जड असल्याशिवाय हे जमणार नाही. हे ज्यांनी वर्षानुवर्षं मोजलं त्या दोघांना २०२० साली नोबेल मिळालं. मग मे २०२२ मध्ये त्याचं चित्रही आलं. त्याआधी एप्रिल २०१९ मध्ये दुसऱ्या एका दीर्घिकेतल्या, सूर्याच्या साडेसहाशे कोटी पट जड कृष्णविवराचं चित्र आलं होतं. पेपरात तुम्ही पाहिलं असेल, नारिंगी मेदूवड्यासारखं. मधलं भोक म्हणजे कृष्णविवराची सावली आणि भोवतालचा उजेड तापलेल्या वायूचा. जगभरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून ते काढलं.

रेडिओ दुर्बिणी म्हटलं की मला माझं गाव आठवतं. नव्वदीच्या सुरुवातीला सुट्टीत गावी गेलो की खोडदच्या माळावर मोठमोठ्या तबकड्या उभ्या राहताना दिसायच्या. आम्हाला वाटायचं टीव्हीसाठीच असणार. ती जीएमआरटी, म्हणजे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी ती कल्पिली आणि उभी केली. तीस तबकड्या, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची. चौदा मधल्या चौकात आणि सोळा तीन दिशांना पसरलेल्या, एकूण पसारा सुमारे २५ किलोमीटर. सगळ्या मिळून एक दुर्बीण. एवढी मोठी तबकडी पत्र्याची केली तर वाऱ्याने उन्मळून पडेल. म्हणून त्यांनी ती बारीक स्टीलच्या तारांच्या जाळीची केली. वारा आरपार जातो, आणि लांब लहरींना मात्र जाळी ही भिंतच वाटते. खर्च वाचला, वजन वाचलं. असं काम बघितलं की माझ्यासारख्या माणसाची मान लवते.

या दुर्बिणीचं ऐकणं किती बारीक? हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर लांबीची एक मंद लहर सोडतो. २०२३ साली जाहीर झालं की खोडदच्या तबकड्यांनी अशी एक लहर पकडली जी ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाली होती. वाटेत विश्व प्रसरण पावत गेलं, तशी ती ताणून ४८ सेंटिमीटर झाली. वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेने भिंगासारखं काम करून ती मोठी केली, म्हणून सापडली. २०२० साली भुजंगधारी तारकासमूहातल्या एका दीर्घिकांच्या पुंजात, ३९ कोटी प्रकाशवर्षांवर, कृष्णविवराने केलेल्या प्रचंड स्फोटाचा पत्ता लागला. त्यातही खोडदची निरीक्षणं होती. कृष्णविवरात पडण्याआधी तापलेला वायू कधी कधी असा बाहेर भिरकावला जातो.

दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची वसाहत. आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका, दहा हजार कोटींहून जास्त तारे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे एक लाख प्रकाशवर्षं. डोक्यावर जरा उत्तरेला बघा, तिथे देवयानी दीर्घिका आहे, २५ लाख प्रकाशवर्षांवर. इथून नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही. गावातून पुसट डागासारखी दिसते. या वसाहती झाल्या कशा? सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व सुरू झालं तेव्हा द्रव्य जवळजवळ सारखं पसरलेलं होतं, पण अगदी सारखं नाही. जिथे किंचित जास्त होतं तिथे ओढ जास्त, म्हणून आणखी आलं. आपल्या नवी मुंबईसारखंच. स्टेशन झालं तिथे दुकानं आली, दुकानं आली म्हणून माणसं आली. छोट्या वसाहती मिळून मोठ्या झाल्या. यात न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. ते काय आहे ते अजून कोणालाच उलगडलेलं नाही. बालगोपालांनो, ते काम तुमच्यासाठी शिल्लक आहे. २०१७ साली पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतल्या मंडळींनी ४०० कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचा एक महापुंज शोधला. त्याची लांबी ६० कोटी प्रकाशवर्षं. त्याला नाव दिलं सरस्वती.

आयुकाचं नाव घेतलं आणि नारळीकर सरांचं घेतलं नाही, असं होणार नाही. याच वर्षी २० मे रोजी ते गेले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली होती. तेव्हा सर मुंबईत, टाटा संस्थेत होते. आपल्या नावाकडे बघून परीक्षकांनी बक्षीस देऊ नये म्हणून त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली. पहिलं बक्षीस मिळालं. कथेचं नाव 'कृष्णविवर'. पन्नास वर्षांपूर्वी हा शब्द मराठी घराघरांत पोचायला सुरुवात झाली ती अशी. सही मागणाऱ्या मुलांना ते सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. एवढ्या मोठ्या माणसाला मुलांच्या प्रश्नाला वेळ होता. मला तर नातीच्या प्रश्नाला उत्तर द्यायला दोन वर्षं लागली.

ते उत्तर आता देतो. खोडदच्या जवळ गेलात तर मोबाइल बंद करायला सांगतात. विजेच्या तारेवर ठिणगी उडाली तरी तिचा खरखराट तबकड्यांना ऐकू येतो, आकाशातल्या आवाजापेक्षा कितीतरी मोठा. पुणे-नाशिक रेल्वेचा आखलेला मार्ग तिथून जवळून जात होता. त्यावरून बरीच चर्चा झाली आणि मार्ग बदलायचं ठरलं. रेल्वे नको असं कोणी म्हटलं नाही. गावाला रेल्वे हवीच आहे. पण ८८० कोटी वर्षं चालत आलेली लहर शेवटच्या किलोमीटरला आपण बुडवायची का, हा प्रश्न होता.

आपल्या गच्चीचा प्रश्नही तोच आहे, आकाराने लहान इतकंच. मृगातल्या ढगाचा उजेड साडेतेराशे वर्षं वाट चालून येतो, आणि शेवटच्या वीस फुटांत माझ्या फ्लडलाइटमध्ये बुडतो.

दिवे काढा असं मी म्हणणार नाही. मोटरसायकली माझ्याही लक्षात आहेत. पण सांगतो, माझ्या कामात चूक होती. मी दिवे तिरके बसवले, आडवे पाडायला हवे होते तसे नाही. त्यामुळे अर्धा उजेड खाली जातो आणि अर्धा समोरच्या विंगच्या बेडरूममध्ये आणि आभाळात. ए विंगमधल्या वहिनी किती वर्षं जाड पडदे लावून झोपतात, त्यांना विचारा. सहा दिवे, दीडशे वॉट, बारा तास म्हणजे दिवसाला १०.८ युनिट, महिन्याला सव्वातीनशेच्या आसपास. तेच दिवे पन्नास वॉटचे घेतले, वरून शेड घातली आणि तोंड सरळ खाली केलं, तर जमिनीवर पुरेसा उजेड पडेल आणि महिन्याला दोनशेहून जास्त युनिट वाचतील. शेड मी स्वतः पत्रा कापून करून देतो. मजुरी नको. चूक माझी होती, दुरुस्तीही माझीच.

आणि दुसरी विनंती गच्चीच्या किल्लीची. गळतीचं काम झाल्यापासून इथलं कुलूप फक्त टाकीवाल्यासाठी उघडतं. महिन्यातून एक शनिवार, अमावास्येच्या जवळचा, दोन तास उघडा. मुलं आली तर ठीक, नाही आली तर मी एकटा बसेन.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहते आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, त्यातून लेसरचा किरण. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशाला जी थरथर सुटते ती मोजण्यासाठी. अमेरिकेत ती पहिल्यांदा १४ सप्टेंबर २०१५ ला पकडली, सव्वाशे-दीडशे कोटी वर्षांपूर्वीच्या टकरीची. तिथे काम करायला माणसं लागतील. ती या सतरंजीवरून का जाऊ नयेत? पण आधी त्यांना आकाश दिसायला हवं ना!

बोलता बोलता वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली. आता पुन्हा मोजा बघू. सात आहेत का?

... ऐकलंत? मागून कोणी तरी अकरा म्हणालं. इथे चाळीस कधीच होणार नाहीत. रस्त्याचे दिवे आहेत, विमानतळ आहे, खाडीवरचं धुकं आहे. पण सातचे अकरा झाले, ते आपल्या सहा दिव्यांमुळे अडले होते.

माझी दुर्बीण टाकीजवळ लावली आहे. आधी लहान मुलं, मग ज्येष्ठ नागरिक, मग बाकीचे. रांग लावा. मधला पुसट तारा बघा आणि नंतर घरी जा.

ता. क. : स्मरणिका छापायला जाईपर्यंत चार दिव्यांना शेड बसवून झाल्या आहेत. गेटकडचे दोन दिवे वॉचमन मंडळींच्या सांगण्यावरून होते तसेच ठेवले आहेत, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. गच्चीच्या शनिवारचा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवला आहे. सभासदांनी उपस्थित राहावे, ही विनंती.